कुणाच्याच छातीवर नसलेला बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे. मित्रांनो, बिल्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर खिशावर चमकणारं काहीतरी येत असेल. माझ्या बाबतीत तसलं काही डोळ्यांसमोर आणू नका. मी आगपेटीएवढी, करड्या प्लॅस्टिकची एक डबी आहे. माझ्या पाठीला चिमटा आहे आणि त्याची स्प्रिंग अजून अगदी नव्यासारखी कडक आहे, कारण आजवर तो कुणीही आपल्या कपड्याला लावलेला नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही.

माझ्या पोटात एक पातळ पट्टी असते. क्ष-किरण अंगावर पडले की ती पट्टी ते गुपचूप साठवून ठेवते. दर तीन महिन्यांनी जुनी पट्टी काढून प्रयोगशाळेत पाठवतात आणि नवी घालतात. तिथे जुनी पट्टी तापवली की ती मंद उजळते. जितका उजेड जास्त, तितके किरण जास्त. पट्ट्या येतात आणि जातात, मी मात्र इथेच राहतो. त्यामुळे जे घडलं ते सगळं माझ्या लक्षात आहे.

आम्ही एकाच खोक्यातून आलेले बारा बिल्ले. आमच्या कारखान्यात मोठमोठ्या नळांसाठी लोखंडी व्हॉल्व्ह ओततात. ओतताना लोखंडात हवेचा बुडबुडा अडकला, तर बाहेरून काही दिसत नाही आणि पुढे कुठेतरी ऐन कामात व्हॉल्व्ह फुटतो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हचा एक्स-रे काढतात. त्यासाठी जाड भिंतींची एक खोली आहे. तिच्या दाराच्या पोटात शिशाचा पत्रा आहे आणि दारावर लाल दिवा. त्या खोलीशी ज्यांचा संबंध येतो अशा अकरा जणांना अकरा बिल्ले मिळाले. माझ्यावर मात्र कुणाचंच नाव लिहिलं नाही. तिथे 'कंट्रोल' असं लिहिलं. ते वाचून माझी मान ताठ झाली. वाटलं, बाकीचे सगळे नोकर आणि आपण साहेब. अर्ध्या तासात माझी रवानगी अंगणापलीकडच्या दप्तरखोलीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली आणि साहेबी तिथेच संपली.

मला तिथे ठेवणाऱ्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या विकिरण सुरक्षा सल्लागार. त्या दुसऱ्या गावाहून यायच्या. त्यांच्या हातात किरण मोजायचं मीटर कायम असायचं, म्हणून कामगार त्यांना पाठीमागे मीटरबाई म्हणत. खोलीच्या चारही भिंतींपाशी, दाराच्या फटींपाशी, अगदी छतावर चढूनसुद्धा त्या मीटर फिरवत. दार उघडं असताना मशीन चालू होत नाही ना, लाल दिवा पेटतो ना, तातडीचं बटण दाबल्यावर सगळं थांबतं ना, हे स्वतः करून बघत. कामगारांना शिकवत आणि प्रत्येकाच्या आकड्यांची नोंद ठेवत. कुठे काय दुरुस्त करायचं ते व्यवस्थापक साहेबांना लिहून देत. साहेब ते पत्र घेत, मान डोलवत आणि फायलीत घालत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला हातात उंच धरून सगळ्यांना दाखवलं होतं. नऊ वर्षांत माझा तेवढाच सत्कार.

"किरण काय फक्त मशीनमधूनच येतात असं नाही," त्या म्हणाल्या, "मातीतून येतात, विटांतून येतात, आभाळातूनही येतात. थोडे थोडे सगळ्यांनाच मिळतात. ते किती, हे हा बिल्ला सांगणार. याचा आकडा तुमच्या प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करायचा. उरेल तो मशीनचा. म्हणून हा कायम लांब राहणार. मशीनजवळ आणायचा नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा खोलीत फक्त बिल्लेवाले अकरा जण होते, हे मात्र लक्षात ठेवा.

मित्रांनो, लांब राहणं हेच ज्याचं काम, त्याला सोबत कुठून मिळणार? कपाटात माझ्या डावीकडे शाईच्या सुकलेल्या बाटल्या आणि उजवीकडे जुन्या पावत्यांचे गठ्ठे. गठ्ठ्यांशी काय बोलणार? दिवसभरात कधीतरी कपाटाचं दार किरकिरायचं, कुणाचा तरी हात आत यायचा, हवा तो कागद घ्यायचा आणि जायचा. अंगणापलीकडून जेवणाच्या सुट्टीतलं हसणं ऐकू येई. माझे अकरा भाऊ तिथे कुणाच्या तरी छातीवर असत. कुणाच्या घामाचा वास, कुणाच्या छातीची धडधड, कुणाच्या खिशातल्या कागदाची सळसळ त्यांना कायम ऐकू येत असणार. त्यांचा मला हेवा वाटे. उगाच मोठेपणा कशाला करू, चांगला भरपूर हेवा वाटे.

मीटरबाईंचीही तऱ्हा फार वेगळी नव्हती. त्या अंगणात शिरल्या की गप्पा बंद पडत. कुणी नको तिथे लावलेली चिकटपट्टी लपवी, कुणी दिव्याची काच पुसायला लागे. जेवायच्या वेळी त्या आपला डबा घेऊन दप्तरखोलीत येत आणि माझ्या कपाटासमोरच्या टेबलावर एकट्याच जेवत. त्यांना कुणी तिकडे पाठवत नसे, पण इकडे या असंही कुणी म्हणत नसे. मला ते वाईटही वाटे आणि बरंही वाटे, कारण तेवढा वेळ माझ्यासमोर एक माणूस असे.

पुढे साहेबांनी ठरवलं की दर महिन्याला सल्लागार कशाला, सहा महिन्यांतून एकदा पुरे. बाईंनी पत्र लिहून हरकत घेतली. त्याच पत्रात दाराखालचं चाक झिजत चाललं आहे, ते लवकर बदला, असंही लिहिलं. पत्र फायलीत गेलं.

त्यानंतर दप्तरखोली रंगवायला काढली. कपाट रिकामं करायचं म्हणून सगळं सामान अंगणापार, एक्स-रे खोलीसमोरच्या बोळात हलवलं. त्याच दप्तरखोलीत एक ताई बसत. तपासून झालेल्या प्रत्येक व्हॉल्व्हला नंबराची चिठ्ठी बांधायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना चिठ्ठीताई म्हणत. त्यांचं टेबलही बोळात गेलं. रंग देणारे कपाट ओढत असताना मी फळीवर तसाच पडून होतो. चिठ्ठ्यांचं खोकं न्यायला ताई परत आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

"अगंबाई, हा एकटाच मागे राहिला की!" असं म्हणून त्यांनी मला फुंकर मारली, पदराने पुसलं आणि उचललं.

बोळात, एक्स-रे खोलीच्या दाराशेजारी, एक लाकडी फळा होता. काम संपल्यावर माझे अकरा भाऊ त्यावर टांगत. पूर्वी तो फळा साहेबांच्या कचेरीबाहेर असायचा. रंगकामात तोही इकडे आला होता. ताईंनी त्यावर बारावा खिळा ठोकला आणि मला टांगलं.

मशीन चालवणारे फोटोमामा तिथेच होते. लोखंडाचे फोटो काढतात म्हणून ते फोटोमामा. केस पांढरे झालेले, बोलायला गोड आणि कामात घाई करणारे.

"हरवला असता, मामा," ताई म्हणाल्या.

"बरं केलंस. सगळे एका जागी असलेले बरे," मामा म्हणाले.

बाईंनी काय बजावलं होतं, ते मामांना आठवलं नाही. ताईंना तर ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आता खरं सांगतो, मला स्वर्ग दोन बोटं उरला! शेजारी भाऊ, समोर माणसं, कानावर दिवसभर बोलणं. रंग सुकला, सामान परत गेलं. पण ताईंचं टेबल बोळातच राहिलं, कारण व्हॉल्व्ह तिथूनच बाहेर येत आणि उजेडही चांगला होता. त्यांचं स्टूल माझ्या अगदी समोर. चिठ्ठ्या बांधताना त्या स्वतःशी गुणगुणत. गाठ मनासारखी बसली नाही की गाठीलाच दटावत. सकाळी आल्यावर फळ्याकडे बघून "काय मंडळी, सगळे हजर ना?" असं विचारत. मंडळींत मी पण होतो.

एके दिवशी त्या मामांना हळूच म्हणाल्या, "मामा, कुणाला सांगू नका हं. मला तिसरा महिना लागलाय."

मामांच्या चेहऱ्यावर हसू मावेना. दुसऱ्या दिवशी ते घरून एक उशी घेऊन आले आणि ताईंच्या स्टुलावर ठेवली. "आता लाकडावर बसायचं नाही," म्हणाले. "आणि जड काही उचलायचं नाही. मला हाक मारायची."

मित्रांनो, याच मामांनी काय केलं होतं ते आता ऐका. बाईंनी लिहिलेलं ते चाक पुरतं झिजलं होतं. दार शेवटची दोन बोटं पुढे सरकतच नव्हतं आणि दार पूर्ण लागल्याशिवाय मशीन चालू होत नव्हतं. मामांनी चार वेळा साहेबांना सांगितलं. "बघू," साहेब म्हणाले, "पण आजचा माल आज गेला पाहिजे." मग मामांनी दाराच्या चौकटीतल्या स्विचवर चिकटपट्टी लावून तो दाबून ठेवला. मशीनला वाटलं, दार लागलं. लाल दिवा पेटला. दोन बोटांची फट तशीच राहिली. भिंती एवढ्या जाड, दोन बोटांनी काय होतं, असं मामांना वाटलं. दिवसातून चाळीस वेळा त्या फटीतून किरण बाहेर येत. फळा त्यांच्या वाटेत होता आणि त्यापुढे ताईंचं स्टूल होतं, उशीसकट.

माझ्या पट्टीला ते कळत होतं. ती निमूटपणे साठवत होती. पण पट्टी बोलते ती तापवल्यावरच, आणि मला तर तोंडच नाही.

तीन महिने झाले. या वेळी बाईंची फेरी नव्हती. कारकुनाने आमच्या पट्ट्या काढल्या, पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवल्या आणि नव्या घातल्या. काही आठवड्यांनी अहवाल आला. अकरा नावं आणि त्यांच्यासमोर अकरा शून्यं! साहेब खूश झाले. तो कागद त्यांनी सूचनाफलकावर लावला. "एवढं घाबरवतात, आणि बघा, शून्य!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. मामांनीही हुश्श केलं. चिकटपट्टी जागेवरच राहिली.

तुमच्या लक्षात आलं का? दिवसभर बोळातून ये-जा करणाऱ्या माझ्या भावांच्या पट्ट्यांनी किरण साठवले होते. माझ्या पट्टीने तर त्यांच्याहूनही जास्त साठवले होते. त्यांच्यातून मला वजा केलं आणि हाती काही उरलं नाही. मी फळीवर एकटा असतो, तर अकराच्या अकरा आकडे ओरडून उठले असते आणि हे कुठून आलं म्हणून बाई धावत आल्या असत्या. मी मजेत टांगलेला होतो, म्हणून ते गप्प राहिले. माझ्या त्या सुखाची आठवण झाली की आजही लाज वाटते.

अहवालाची एक प्रत बाईंकडे गेली. साहेबांनी शून्यं पाहिली होती. बाईंनी तळाची बारीक ओळ वाचली. 'कंट्रोल बिल्ल्याचे वाचन नेहमीपेक्षा जास्त आहे. कारण तपासावे.' दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी बोलावलेलं नसताना, त्या फाटकात उभ्या होत्या.

आधी त्या दप्तरखोलीत गेल्या. रंगवलेल्या कपाटाची वरची फळी रिकामी पाहून त्या तरातरा बोळात आल्या आणि फळ्यासमोर थबकल्या.

"हा इथे कुणी लावला?"

"मी," ताई हसून म्हणाल्या. "का हो? एकटाच मागे पडला होता बिचारा."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग स्टुलाकडे. स्टुलावरच्या उशीवर त्यांची नजर थांबली. ताईंचा हात नकळत पोटावर गेला होता, तोही त्यांना दिसला असावा.

"ताई, तुम्ही जरा पलीकडच्या इमारतीत जाऊन बसता का? मी बोलावते."

"मी का जाऊ? माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही. खरंच नाही. जा तुम्ही."

ताई गेल्यावर बाईंनी सगळ्यांना लांब पाठवलं आणि मामांना क्षणभर मशीन चालू करायला सांगितलं. लांबट दांडीला मीटर बांधून त्यांनी स्टुलाच्या जागी धरलं. मीटर कडकडू लागलं. मामांनी मशीन बंद केलं, ते दारापाशी गेले आणि स्वतःच्या हाताने चिकटपट्टी ओढून काढली. मग ती मुठीत धरून ते तिथेच खाली बसले.

"तिला दिवस गेलेत, बाई," ते म्हणाले. "मीच तिला उशी आणून दिली. म्हटलं, नीट बसू दे."

बाई त्यांच्याजवळ टेकल्या. "मामा, चिकटपट्टी लावली ती तुमची चूक. चाक बदललं नाही ती साहेबांची. आणि माझीही एक आहे. मी फक्त बिल्लेवाल्यांना शिकवलं. दाराबाहेर कोण बसतं, हे मी विचारलंच नाही."

साहेब आले. बाईंनी त्यांना सगळं दाखवलं आणि दार दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद ठेवायला सांगितलं.

"तुम्ही सल्लागार आहात," साहेब म्हणाले. "सल्ला द्या. काम बंद करायचं की नाही ते मी ठरवणार."

"बरोबर आहे. सल्लाच देते आहे, आणि लेखी देते आहे. निर्णय तुमचा आणि जबाबदारीही तुमची. पण याची एक प्रत आजच सरकारच्या सुरक्षा खात्याकडे जाईल, तेही माझ्या कामातच येतं."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मशीन बंद झालं.

आता खरा प्रश्न उरला होता. ताईंच्या वाट्याला किती किरण आले? त्यांना तर बिल्लाच नव्हता. चार दिवस ताई कामावर आल्या त्या जागरणाने डोळे सुजलेल्या. बोळात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मामा दर तासाला पलीकडच्या इमारतीच्या दारापर्यंत जात आणि आत न शिरता परत येत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात लांब चार दिवस. मला वाटे, फुटून दोन तुकडे झालो असतो तर बरं.

पाचव्या दिवशी बाई आल्या. त्यांनी प्रयोगशाळेकडून वजाबाकी न केलेला माझा मूळ आकडा मागवला होता. त्यातून मातीचा, विटांचा, आभाळाचा वाटा काढला. माझा खिळा आणि ताईंचं स्टूल यांच्यातलं अंतर मोजलं. मशीन चालू होतं ते तास मांडले, आणि अहवाल येईपर्यंतचे पुढचे आठवडेही धरले. मग ताईंना बोलावलं. मामाही मागे येऊन उभे राहिले.

"तुमच्या डॉक्टरांशी बोलून आले आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा आकडा बाळासाठी जी मर्यादा धरतात, तिच्या निम्म्यापेक्षाही कमी आहे. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टरही म्हणाल्या. पण मर्यादेच्या आत आहे म्हणून झालं ते बरोबर झालं, असं मी लिहिणार नाही."

ताईंनी डोळे पुसले. मग विचारलं, "पण माझ्याकडे बिल्ला नव्हता. तुम्हाला कळलं कसं?"

बाईंनी मला फळ्यावरून काढलं आणि ताईंच्या तळहातावर ठेवलं. "हा होता ना तुमच्या समोर. तुमच्यासाठी यानेच मोजलं."

ताईंनी मूठ मिटली. माणसाच्या हाताची ऊब मला पहिल्यांदाच इतका वेळ मिळाली. बाईंनी नोंदवही काढली, ताईंचं नाव लिहिलं आणि त्यापुढे माझा नंबर टाकला. नऊ वर्षांत कुणाच्या नावापुढे माझा नंबर लागला तो तेवढाच. मग त्यांनी हात पुढे केला. ताईंनी मला परत दिलं, जरा उशिराच दिलं.

संध्याकाळच्या आत मी दप्तरखोलीत, वरच्या फळीवर होतो. बाईंनी कपाटावर चिठ्ठी लावली: 'हा बिल्ला हलवू नये.' आणि तिथून पुढे त्या झाडूवाल्यापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना बोलावून शिकवू लागल्या. दाराला नवं चाक बसलं. फळा पुन्हा कचेरीबाहेर गेला. ताईंचं काम दुसऱ्या इमारतीत गेलं आणि काही महिन्यांनी त्या रजेवर गेल्या. हे सगळं मला तुटक तुटक कळलं, कारण कपाटाला बातम्या कोण सांगणार? बाळ झालं का, कसं आहे, हे विचारायला मला तोंड नव्हतं. मी नुसता दाराची किरकिर ऐकत पडून राही.

मग एकदा बाई पट्टी बदलायला आल्या. जुनी काढली, नवी घातली, झाकण दाबलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कपाट लावता लावता त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलगी झाली बरं का. दोघी छान आहेत." मग स्वतःशीच हसल्या आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, धोक्याच्या जागी काम करणाऱ्यांची काळजी घ्याच. पण त्या जागेच्या दाराबाहेर कोण बसलंय, तेही एकदा वळून बघा. जो माणूस मोजमाप घेऊन तुमच्या दारी येतो, त्याच्यासाठी जेवताना थोडी जागा करा. आणि कधी एखाद्या कपाटात माझ्यासारखा कुणी एकटा पडलेला दिसला, तर तुम्हाला त्याची दया येईल. येऊ द्या. दया आली की माझ्याशी दोन शब्द बोला, हवं तर धूळ पुसा. पण मला उचलून माणसांत नेऊ नका. मला सोबत मिळते तेव्हा कुणाचा तरी आकडा लपतो.